तिसऱ्या लाइनचा सेंटर

कॅनडात टोरंटोलगतच्या मिसिसॉगा आणि ब्रॅम्प्टनच्या आइस हॉकी रिंकवर हल्ली मधूनच मराठीही कानावर पडतं. मूल दहा-अकरा वर्षांचं झालं, सामन्यात दोन-दोन गोल मारायला लागलं की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: फॉरवर्ड म्हणून, म्हणजे पुढे राहून हल्ला करणारा खेळाडू म्हणून, व्यावसायिक पातळीपर्यंत जायचं तर वाट कशी असते, किती वर्षांची असते आणि माणूस नेमका कुठे गळतो? बेंचच्या मागून, स्केटला धार लावायच्या मशीनशेजारून ही वाट जशी दिसते तशी इथे लिहितो. उदाहरण एकाच खेळाडूचं घेतो, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत. तो खेळाडू म्हणजे याच मिसिसॉगात जन्मलेला, भारतीय वंशाच्या वडिलांचा मुलगा मॅनी मल्होत्रा.

त्याचे आकडे आधी पाहा. 1998 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, न्यूयॉर्क रेंजर्सनी त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च लीगमध्ये, 16 हंगाम, 991 सामने, 116 गोल, 179 असिस्ट (दुसऱ्याच्या गोलाला दिलेले पास). म्हणजे साधारण साडेआठ सामन्यांत एक गोल. सातव्या क्रमांकावर निवडलेल्या फॉरवर्डकडून लोक याच्या कितीतरी पट गोलांची अपेक्षा धरतात. तरीही तो हजाराच्या उंबरठ्यापर्यंत खेळला, आणि त्याच्या मागेपुढे निवडलेले कितीतरी गोल करणारे त्याच्या निम्मेही सामने खेळू शकले नाहीत. हे कशामुळे झालं ते समजलं की फॉरवर्डची कारकीर्द समजते.

साधा हिशेब आहे. सामन्याला संघ 18 स्केटर आणि 2 गोलकीपर उतरवतो. त्या 18 मध्ये 12 फॉरवर्ड, तीन-तीनच्या चार लाइन; प्रत्येक लाइनमध्ये मधे सेंटर आणि दोन बाजूंना विंगर. लीगमध्ये 32 संघ, म्हणजे जगभरातून फॉरवर्डच्या 384 जागा. पहिल्या दोन लाइनवरचे सहा जण गोल करण्यासाठी असतात आणि त्या जागा वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे राहतात. उरलेल्या सहा जागा ज्यांना मिळतात ते सगळे आपापल्या ज्युनिअर संघात एकेकाळी सर्वाधिक गोल करणारेच होते. तिथे पोहोचल्यावर त्यांना सांगितलं जातं की गोल दुसरे करतील, तुम्ही फेसऑफ (खेळ सुरू करताना दोघांच्या मधे टाकलेला पक, म्हणजे रबरी चकती) जिंका, पेनल्टी मारून काढा (आपला माणूस शिक्षा म्हणून बाहेर असताना गोल होऊ देऊ नका), बोर्डावरचा, म्हणजे कडेच्या भिंतीवरचा, पक बाहेर काढा. हे ऐकून जो मनातून खट्टू होतो तो दोन वर्षांत बाहेर पडतो.

ज्युनिअर

टोरंटो परिसरात वाट सुरू होते ती जीटीएचएल या मुलांच्या लीगमधून. सोळा वर्षांखालच्या गटातलं वर्ष निर्णायक, कारण त्या हंगामाच्या शेवटी ओएचएल ही ऑन्टारिओची ज्युनिअर लीग आपली निवड करते. सर्वोच्च गटात खेळायचं तर फी, बर्फाचं भाडं, प्रवास, स्पर्धा आणि सामान मिळून वर्षाचा खर्च दहा हजार कॅनेडियन डॉलरच्या वर सहज जातो. तो खर्च पाच-सहा वर्षं चालतो, हे पालकांनी आधीच धरून चालावं.

ओएचएलमध्ये 20 संघ, प्रत्येकी 68 सामने. खेळाडू 16 ते 20 वयाचे. मुलगा दुसऱ्या गावी एखाद्या कुटुंबात राहतो. इथे त्यांना बिलेट म्हणतात. सकाळी शाळा, दुपारी सराव, शुक्रवार-शनिवार-रविवार सामने, आणि मधले तास बसमध्ये. मल्होत्रा ग्वेल्फ स्टॉर्मकडे होता. ओएचएल खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे एका वर्षाच्या विद्यापीठ शिक्षणाचा खर्च देण्याची तरतूद असते, पण व्यावसायिक करार केल्यावर ती किती काळ जिवंत राहते याचं कलम नीट वाचून घ्यावं. पूर्वी ओएचएलमध्ये एक सामना खेळला तरी अमेरिकन कॉलेज हॉकीचं दार बंद व्हायचं. 1 ऑगस्ट 2025 पासून ते उघडलं आहे. त्यामुळे आता सोळाव्या वर्षी ज्युनिअर, अठराव्या वर्षी कॉलेज असा रस्ता धरता येतो. उशिरा भरणाऱ्या शरीराच्या मुलांना याचा फार उपयोग आहे असं माझं मत आहे, कारण कॉलेजमध्ये सामने कमी आणि जिममध्ये दिवस जास्त मिळतात.

ज्युनिअरमध्ये दोन वाईट सवयी लागतात. पहिली, शिफ्ट (बर्फावरची एक पाळी) लांबवायची. चांगला खेळाडू असल्यामुळे प्रशिक्षक 70-80 सेकंद बर्फावर राहू देतो आणि मुलगा शेवटचे तीस सेकंद नुसता तरंगत असतो. दुसरी, पक आपल्या बचावपटूकडे असताना, तो बाहेर येईलच असं धरून ब्लू लाइनकडे (आपलं क्षेत्र संपतं त्या रेषेकडे) आधीच निघायचं. ज्युनिअरमध्ये यातून एकट्याने धावायची संधी मिळते. वरच्या पातळीवर तोच पक मधे अडवला जातो आणि तुम्ही चुकीच्या बाजूला सापडता. एकोणिसाव्या वर्षी या सवयी मोडायला दोन-दोन हंगाम जातात.

ड्राफ्ट आणि पहिला करार

15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण होणारा खेळाडू त्या वर्षीच्या ड्राफ्टला पात्र. सात फेऱ्या, 32 संघ, एकूण 224 नावं. त्याआधी बफेलोला काही निवडक खेळाडूंची शारीरिक चाचणी होते. सायकलवरची 30 सेकंदांची विंगेट चाचणी तिथली सर्वांत त्रासदायक, कारण ती नेमकी एका शिफ्टसारखी आहे: पहिल्या पाच सेकंदांत कमाल ताकद आणि शेवटच्या दहा सेकंदांत ती किती टिकली.

निवड झाली म्हणजे करार झाला असं नव्हे. संघाला फक्त हक्क मिळतात. ठरलेल्या मुदतीत खेळाडूशी करार केला नाही तर ते हक्क जातात. करार झालाच तर 18 ते 21 वयात तो तीन वर्षांचा असतो आणि त्यात दोन पगार लिहिलेले असतात, एक एनएचएलमध्ये असतानाचा आणि दुसरा एएचएलमध्ये, म्हणजे तिच्या खालच्या लीगमध्ये, असतानाचा. 2025-26 च्या हंगामाचा एनएचएलचा किमान पगार 7,75,000 डॉलर. पगार दिवसांवर मोजतात आणि हंगामाचे दिवस सुमारे 190, म्हणजे वरच्या संघात दिवसाला 4,000 डॉलर. खाली पाठवलं की त्याच माणसाचा वार्षिक आकडा 80-85 हजारांच्या आसपास येतो. दहा दिवसांची बढती घरभाड्याचं वर्ष काढून देते. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या लाइनवरचा मुलगा पक अंगावर का घेतो, हे फक्त मनाच्या जोरावर समजावून सांगता येणार नाही.

अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूसाठी दहावा सामना महत्त्वाचा. दहा सामन्यांच्या आत त्याला ज्युनिअरला परत पाठवलं तर कराराचं वर्ष पुढे सरकतं. दहावा खेळवला की वर्ष खर्ची पडतं. म्हणून नऊ सामन्यांनंतर कुणाला परत पाठवलं तर तो वाईट खेळला असं लगेच समजू नये. मल्होत्राला रेंजर्सनी अठराव्या वर्षीच 73 सामने खेळवलं, 8 गोल आणि 8 असिस्ट झाले. पुढच्या 1999-2000 हंगामात तो रेंजर्स, ग्वेल्फ आणि एएचएलमधलं हार्टफर्ड असा तीन ठिकाणी खेळला. अठराव्या वर्षी चौथ्या लाइनवर आठ-नऊ मिनिटं खेळवून मुलगा वाढत नाही. पक त्याच्या स्टिकवर येतच नाही, मग तो निर्णय कुठे घेणार? मला विचाराल तर त्या वयात ज्युनिअरला 22 मिनिटं खेळणं केव्हाही बरं.

शिफ्ट

व्यावसायिक फॉरवर्डचं मोजमाप शिफ्टने होतं. 40 ते 45 सेकंद पूर्ण ताकदीने, मग बेंचवर दीड-दोन मिनिटं. तिसऱ्या लाइनवर रात्रीची 14-15 मिनिटं म्हणजे वीसेक शिफ्ट. हा आकडा प्रशिक्षकाच्या लहरीतून आलेला नाही. स्नायूंमधली झटपट मिळणारी ऊर्जा पहिल्या दहा-बारा सेकंदांत संपते, त्यानंतर आम्ल साठत जातं, आणि पन्नास सेकंदांनंतर पाय जड होतात. त्याहून वाईट म्हणजे तेवढं साठलेलं आम्ल पुढच्या विश्रांतीत निघून जात नाही. एक 75 सेकंदांची शिफ्ट पुढच्या तीन शिफ्ट खराब करते.

बदली खेळ चालू असतानाच होते. बाहेर येणारा बेंचपासून पाच फुटांच्या आत आला की आतला उडी मारू शकतो. खो-खो खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल: खो मिळायच्या आधी उठलात तर फाउल. इथे त्याची किंमत दोन मिनिटं पाच विरुद्ध चार. बदली कधी करायची याचा नियम साधा आहे. पक समोरच्या संघाच्या टोकाला खोल गेला असेल तरच. तो मधल्या पट्ट्यात समोरच्यांकडे असताना वळलात तर तुमच्या पाठीमागून तिघं धावत जातील.

दुसऱ्या पिरियडला (सामन्याच्या तीन भागांतल्या मधल्या भागात) बाजू बदलतात आणि आपला बेंच आपल्या बचाव क्षेत्रापासून लांब पडतो. याला लांबची बदली म्हणतात. थकलेले पाच जण आपल्याच क्षेत्रात अडकले तर बाहेर पडायला अंतर बरंच जास्त. अशा वेळी ते पक लांब फेकून देतात, आइसिंग (आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकाच्या रेषेपार जाणं) होतं, आणि आइसिंग करणाऱ्या संघाला माणसं बदलता येत नाहीत. तेच दमलेले पाच जण पुन्हा फेसऑफला उभे. शिवाय 2019-20 पासून तो फेसऑफ कोणत्या बाजूच्या ठिपक्यावर घ्यायचा हे हल्ला करणारा संघ ठरवतो. तिसऱ्या लाइनच्या सेंटरची खरी कामगिरी इथे सुरू होते.

फेसऑफ

बर्फावर नऊ ठिपके असतात आणि एका सामन्यात साठच्या आसपास फेसऑफ होतात. दोन्ही सेंटर समोरासमोर, लाइन्समन (साहाय्यक पंच) मधे पक टाकतो. बाहेरून नशिबाचा खेळ वाटतो. तसा असता तर सगळ्यांची टक्केवारी पन्नासच्या आसपास फिरली असती. 2010-11 मध्ये मल्होत्राने व्हँकुव्हरकडून 61.7 टक्के जिंकले.

आधी नियम. टोकाच्या ठिपक्यांवर बचाव करणाऱ्या संघाच्या सेंटरने स्टिक आधी टेकवायची. मधल्या ठिपक्यावर पाहुण्या संघाने. जो नंतर टेकवतो त्याला समोरच्याचं पातं कुठे आहे ते दिसतं, म्हणून त्याचा फायदा. पाय खुणांच्या आत, पात्याचं टोक पांढऱ्या भागात. नियम मोडला तर सेंटरला बाहेर काढून विंगरला घ्यायला लावतात. त्याच फेसऑफला दुसऱ्यांदा मोडला तर दोन मिनिटांची पेनल्टी. हाताने पक ढकलला तरी पेनल्टी.

उभं राहायचं ते खांद्यांपेक्षा रुंद पाय ठेवून, गुडघे खोल वाकवून, पकड घ्यायला बसलेल्या कबड्डीच्या गड्यासारखं. वजन पंजांच्या पुढच्या भागावर. खालचा हात जवळजवळ पात्यापर्यंत खाली, आणि पुष्कळ जण त्याची पकड उलटी करतात, म्हणजे तळवा खाली. उलट्या पकडीने बॅकहँड खेचायला मनगटाऐवजी पाठ आणि खांदा वापरता येतो. डोळे लाइन्समनच्या हातावर. समोरच्याच्या डोळ्यांत बघणारा सेंटर हरतो, कारण पक त्याच्या डोळ्यांतून पडत नाही. प्रत्येक लाइन्समनची लकब वेगळी, कुणी मनगट आधी हलवतो, कुणी खांदा. चांगले सेंटर पहिल्या पिरियडमध्येच ती टिपून ठेवतात.

स्टिक डावीकडे धरणारा सेंटर डाव्या ठिपक्यावर जास्त बळकट, उजवीकडे धरणारा उजव्या. बॅकहँडने खेचलेला पक त्याच्याकडून बोर्डाकडे, गोलापासून दूर जातो. उलट्या बाजूला तोच पक गोलासमोर येऊन पडू शकतो. म्हणून संघांना दोन्ही हातांचे सेंटर लागतात, आणि महत्त्वाच्या वेळी दोघांना एकदम उतरवतात. एक बाहेर काढला गेला तर दुसरा तयार.

सरळ खेचणं ही एकच पद्धत नाही. समोरच्याची स्टिक आधी मारून उचलायची आणि मग पक घ्यायचा. नाहीतर स्टिक स्टिकमध्ये अडकवून, कंबर फिरवून त्याला पाठीवर घ्यायचं आणि पक पायाने मागे ढकलायचा. आपल्या क्षेत्रात हरण्यापेक्षा अडकवणं चांगलं, कारण तेवढ्यात विंगर आत येतो. पुष्कळ फेसऑफ दोघांच्या मधे लोळणाऱ्या पकवर ठरतात, आणि तो उचलणारा विंगर असतो. टक्केवारी मात्र सेंटरच्या नावावर लिहिली जाते. ज्या मुलाला विंगवर खेळायचंय त्याने हे लक्षात ठेवावं: पक पडताक्षणी आतल्या बाजूला दोन पावलं. प्रशिक्षक व्हिडिओत तेच पाहतात.

व्हँकुव्हरला त्या हंगामात मुख्य प्रशिक्षक अॅलन व्हिन्यो यांनी मल्होत्राच्या लाइनला बहुतेक वेळा स्वतःच्या क्षेत्रातल्या फेसऑफला उतरवलं आणि पहिल्या लाइनवरच्या सेदीन या जुळ्या बंधूंना समोरच्या क्षेत्रातल्या. डॅनियल सेदीनने त्या हंगामात 104 गुण (गोल आणि असिस्ट मिळून) घेऊन सर्वाधिक गुणांची आर्ट रॉस ट्रॉफी जिंकली, संघ साखळीत अव्वल आला. ते गुण अर्थातच सेदीनचे. पण त्याला आपल्या गोलासमोरून खेळ सुरू करावा लागला नाही, याचं श्रेय तिसऱ्या लाइनला जातं. बाजारानेही ते ओळखलं होतं. 2009-10 ला सॅन होजेने मल्होत्राला एका वर्षासाठी 7,00,000 डॉलरवर घेतलं होतं. तिथे त्याने हे काम करून दाखवलं आणि 2010 च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरने तीन वर्षांसाठी 75 लाख डॉलर दिले.

भिंतीवरचं काम

विंगरचं मोठं काम आपल्या क्षेत्रातल्या बोर्डाला लागून असतं. बचावपटू पक भिंतीवरून फिरवतो, विंगरने तो वर्तुळाच्या खुणांच्या उंचीवर घ्यायचा. पाठ भिंतीकडे, स्केट बोर्डाला टेकलेला, म्हणजे पक स्टिकवरून निसटला तरी पायात अडतो आणि पुढचं सगळं बर्फ दिसतं. चूक नेहमी एकच होते. विंगर तोंड भिंतीकडे करून पक घ्यायला जातो. मग मागून येणारा दिसत नाही, धडक पाठीवर बसते, पकही जातो आणि खांदाही. दुसरी चूक, फार वर जाऊन उभं राहणं. समोरचा बचावपटू ब्लू लाइनवरून खाली घुसला की वर उभ्या असलेल्या विंगरच्या आधी पकवर पोहोचतो. पास सुचत नसेल तर पक काच आणि बोर्डाच्या आधाराने ब्लू लाइनबाहेर ढकलून द्यावा. दिसायला ते गबाळं दिसतं. सामना संपायला दोन मिनिटं असताना प्रशिक्षक ज्याला उतरवतो तो हे चुकवत नाही.

पाय आणि स्टिक

स्केटचं पातं सुमारे तीन मिलिमीटर जाड. त्याच्या तळाला लांबीभर एक पन्हळ असते आणि तिच्यामुळे दोन्ही बाजूंना कडा तयार होतात. पन्हळीची त्रिज्या इंचात सांगतात. अर्धा इंच ही बहुतेकांची सुरुवात. तीन-अष्टमांश म्हणजे खोल पन्हळ, कड जास्त चावते, वळण घट्ट, पण घसरण कमी आणि पाय लवकर दमतात. पाच-अष्टमांश म्हणजे उथळ, जड खेळाडूला सोयीची. हलक्या मुलाला उथळ पन्हळ दिली तर वळताना पाय सुटतो. पालक त्याला स्केटिंग कच्चं म्हणतात आणि दोष धारेत असतो. बर्फ जास्त थंड आणि टणक असेल तर थोडी खोल धार लागते.

धार लावून झाल्यावर दोन्ही कडा समान उंचीच्या आहेत का ते आडवी पट्टी ठेवून बघायचं. एक कड वर राहिली की खेळाडू एका बाजूला वळताना घसरतो आणि दुसऱ्या बाजूला ठीक. सामन्यात कुणाच्या पात्यावर पाय पडला किंवा गोलाच्या खांबाला लागलं तर कड जाते. व्यावसायिक बेंचवर म्हणून जादा धारदार पाती तयार ठेवतात आणि शिफ्टच्या मधे बदलतात. घरच्या मुलासाठी नियम एवढाच की रबरी मॅट सोडून कुठेही कव्हरशिवाय चालायचं नाही आणि खेळून आल्यावर पातं कोरडं पुसायचं. नवे स्केट भट्टीत गरम करून पायावर बसवले तर पुढचे 24 तास बर्फावर जायचं नाही, आकार बिघडतो.

स्टिकवर लिहिलेला फ्लेक्सचा आकडा म्हणजे ती किती कडक आहे. पौंडातल्या वजनाच्या निम्मा आकडा घ्यावा, हा ढोबळ नियम. वडिलांना वाटतं मुलगा वाढेल म्हणून कडक घ्यावी. मग स्टिक वाकतच नाही आणि मनगटाचा फटका येत नाही. लांबी कापली की कडकपणा वाढतो, 85 ची स्टिक दोन इंच कापली तर 90 च्या वर जाते. फेसऑफ घेणारे सेंटर बहुधा थोडी आखूड आणि कडक स्टिक पसंत करतात आणि खालच्या हाताच्या जागी जास्तीची टेप गुंडाळतात. वरच्या दर्जाच्या एका स्टिकला आता साडेतीनशे कॅनेडियन डॉलरच्या पुढे मोजावे लागतात, आणि ती पहिल्याच सरावात मोडू शकते.

वेव्हर आणि बॅग

करारातली काही वर्षं आणि सामने उलटले की खेळाडूला खाली पाठवण्याआधी वेव्हरवर ठेवावं लागतं. अठराव्या वर्षी करार केलेल्या फॉरवर्डला पाच वर्षं किंवा 160 सामने, यातलं आधी जे होईल तोवर सूट. त्यानंतर 24 तास बाकी कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. 2002 मध्ये रेंजर्सनी मल्होत्राला डॅलसला दिलं होतं. नोव्हेंबर 2003 मध्ये डॅलसने वेव्हरवर ठेवलं आणि कोलंबसने उचललं. तेवीस वर्षांचा, पहिल्या फेरीतला, आणि कुणीही या आणि फुकट घेऊन जा अशी गत. खेळाडू तिथे खचतात. पण कोलंबसकडे जागा होती, मिनिटं होती आणि पेनल्टी मारून काढणारा सेंटर त्यांना हवा होता. त्याचं पुढचं सगळं तिथून उभं राहिलं.

व्यवहारात त्या चोवीस तासांत काय करायचं? पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं हाताशी, भाड्याच्या घराच्या करारात मुदतीआधी सोडण्याचं कलम, स्टिकचा नमुना आणि पन्हळीचा आकडा नव्या संघाच्या सामान सांभाळणाऱ्याला कळवायचा. हे शेवटचं विसरलं तर पहिल्याच सामन्यात दुसऱ्याच्या मापाने लावलेल्या धारेवर उभं राहावं लागतं.

मोकळं होण्याचं, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करता येण्याचं, वय साधारण 27, किंवा सात मोजले गेलेले हंगाम. मोजायचा हंगाम म्हणजे किमान 40 सामने संघात नाव असणं. याशिवाय एक कमी माहीत असलेली वाट आहे. वय 25 झालं, तीन व्यावसायिक हंगाम झाले आणि एनएचएलमधले सामने 80 च्या आत राहिले तर खेळाडू पूर्ण मोकळा होतो. एएचएलमध्ये अडकलेल्या फॉरवर्डने एजंटला या तारखेबद्दल जरूर विचारावं.

युरोप

युरोपविषयी थोडक्यात. मल्होत्रा 2004-05 च्या टाळेबंदीत, म्हणजे मालकांनी एनएचएल बंद ठेवली तेव्हा, स्लोव्हेनियाच्या ल्युब्लियाना आणि स्वीडनच्या एचव्ही71 कडून खेळला. स्वीडनच्या अव्वल लीगमध्ये साखळीचे 52 सामने, एनएचएलमध्ये 82, आणि 2026-27 पासून 84. तिकडचं बर्फ परंपरेने रुंद, त्यामुळे धडक कमी आणि पक बाळगणं जास्त. करार बहुधा घर आणि गाडीसह होतात. स्वित्झर्लंडमध्ये परदेशी खेळाडूंची संख्या मर्यादित असल्यामुळे त्यांच्याकडून गोलच अपेक्षित असतात. तिसऱ्या लाइनचं काम करायला ते स्थानिक माणूस घेतात. हे माहीत नसल्यामुळे बचावात चांगले असलेले फॉरवर्ड तिकडे जाऊन डिसेंबरातच परत येतात.

इजा

फॉरवर्डच्या नेहमीच्या दुखण्यांत जांघेचे स्नायू, खांद्याचा वरचा सांधा, घोट्याच्या वरचा मुरगळा आणि डोक्याला लागणं. पक अडवणाऱ्यांच्या पायाची हाडं वेगळीच. त्यासाठी स्केटवर प्लॅस्टिकचं कवच बसवतात. हलकं असतं, सुरुवातीला पाय जड वाटतो, आठवड्यात अंगवळणी पडतं. पक अडवायला जाताना फटका मारणाऱ्याच्या जवळ जायचं. दहा फुटांवर अडवलेला पक वर उठायच्या आधी नडगीवर बसतो. तीस फुटांवर अर्धवट वळून उभं राहिलं तर तो तोंडापर्यंत आलेला असतो.

16 मार्च 2011 ला कोलोराडोविरुद्ध मल्होत्राच्या डाव्या डोळ्याला पक लागला. शस्त्रक्रिया झाल्या, दृष्टी मोठ्या प्रमाणात गेली. जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात तो पूर्ण चेहरा झाकणारं संरक्षक कवच लावून उतरला. पुढच्या हंगामांत बाजूने येणारा माणूस त्याला दिसेना, आणि 2013 मध्ये संघाने त्याच्याच सुरक्षिततेसाठी त्याचं नाव जखमींच्या यादीत टाकलं. फेसऑफमध्ये पक समोर पडतो, तिथे तो तेव्हाही बहुतेकांपेक्षा सरस होता. धोका होता तो उघड्या बर्फावर. 2013-14 पासून नव्या खेळाडूंना डोळ्यांपुढची काच सक्तीची झाली. ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात अॅडम जॉन्सन या फॉरवर्डचा गळ्याला स्केट लागून मृत्यू झाला. त्यानंतर गळ्याचं संरक्षणही अनेक लीगमध्ये सक्तीचं झालं. मूल नको म्हणालं तरी ते घातल्याशिवाय बर्फावर सोडू नका. दोन आठवड्यांत ते टोचायचं थांबतं.

जखमींच्या यादीनंतर मल्होत्रा शार्लटला एएचएलमध्ये चाचणी करारावर गेला. हे करार 25 सामन्यांचे असतात, पुढची काहीच हमी नाही. तिथून कॅरोलायनाने त्याला वर घेतलं, पुढच्या हंगामात मॉन्ट्रियलने. दोन्हीकडे काम तेच, फेसऑफ आणि पेनल्टी मारून काढणं. खेळ थांबल्यावर व्हँकुव्हर आणि टोरंटोमध्ये साहाय्यक प्रशिक्षक, आणि अॅबट्सफर्डचा मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिल्याच हंगामात, 2025 मध्ये, एएचएलचा काल्डर कप.

शेवटच्या वर्षाबद्दल एक काम लिहून ठेवतो, कारण ते हमखास राहून जातं. हंगाम संपल्यावर संघाचे डॉक्टर तपासणी करतात. घरी जायची घाई असते, सगळे जण "ठीक आहे" म्हणून सही करून मोकळे होतात. तसं करू नये. जांघ दुखत असेल तर तसं लिहून घ्यावं, कोणत्या महिन्यात सुरू झालं ते लिहावं, दात, बोटं, डोक्याला लागलेले प्रसंग सगळे नोंदवावेत आणि त्या कागदाची प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढच्या वर्षी करार मिळाला नाही तर त्या इजेच्या उपचाराचा खर्च मागताना हाच कागद लागतो, आणि दोन वर्षांनी तो संघाकडून मिळवायला फार हेलपाटे पडतात.